पाठ आणि अर्थ

१७ डिसेंबर २०२३ रोजी वाराणसीच्या नमो घाटावर काशी तमिळ संगममच्या दुसऱ्या पर्वाचे उद्घाटन झाले. पंतप्रधान हिंदीत बोलत होते आणि तमिळनाडूहून आलेले पाहुणे इयरफोन लावून तेच भाषण तमिळमध्ये ऐकत होते. मध्ये दुभाषी नव्हता. ‘भाषिणी’ ही संगणकप्रणाली होती. तिला त्या भाषणातले काही कळले काय?

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये एक खोली कल्पिली. आत चिनी भाषेचा गंधही नसलेला मनुष्य बसला आहे. बाहेरून चिनी अक्षरांत प्रश्न येतात. तो नियमांचे पुस्तक पाहून योग्य ती अक्षरे परत सरकवतो. बाहेरच्यांना वाटते, आत कोणी चिनी जाणकार आहे. संगणकाचे कळणे हे असे आहे, असा सर्ल यांचा दावा.

काशीला हा भेद नवा नाही. घनपाठी वैदिक दोन पदे सुलट, उलट, मग तीन पदे सुलट, उलट, पुन्हा सुलट अशा क्रमाने म्हणतात. संहिता शतकानुशतके शुद्ध राहिली ती अशा शिस्तीमुळे. तरीही अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला यास्काचे निरुक्त ओझे वाहणारा खांब म्हणते. उपमा कठोर, किंचित अन्यायकारकही. छप्पर त्या खांबांवरच तर उभे राहिले!

म्हणून व्याजाची आकारणी आणि खात्यांचा ताळमेळ संगणकाने खुशाल करावा. परंतु ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे फोनवर धमकावून कोणी एखाद्या वृद्ध ग्राहकाला मुदत ठेव मोडायला शाखेत पाठवले, तर? अशी अटक आपल्या कायद्यात नाही. पण सही जुळते, खाते त्यांचेच असते. प्रणाली फार तर रक्कम मोठी असल्याची खूण करील. उद्या ती थरथरता आवाजही ओळखील. पण त्या पैशांवाचून त्यांचे उद्या कसे होईल, याची काळजी तिला वाटणार नाही. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ती वाटते, कारण त्याच्याही घरी आईवडील आहेत. “आजोबा, जरा बसा. पैसे कोणाला पाठवताय?” असे तो विचारतो. रांग खोळंबते, मागचे ग्राहक कुरकुरतात. कुरकुरू देत.