गावाचं शहर होतं म्हणजे नक्की काय होतं?

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. नगर परिषद! पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात एक अख्खं घर जमिनीत गेल्याची गोष्ट आहे आणि ती रुक्ष नाही.

घुग्घुस हे नाव विदर्भाबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसतं. चंद्रपूरपासून साधारण २५ किलोमीटरवर, वर्धा नदीच्या काठी. भोवती वेकोलिच्या कोळसा खाणी, लगत सिमेंटचा कारखाना, शिवाय स्पंज आयर्नचा. तिकडे गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडचा डोंगर फोडून काढलेलं लोहखनिज ट्रकांमधून इथे येतं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूरचा पट्टा चौथ्या नंबरावर होता. (नंबर काढायचाच तर यात कशाला?)

कामासाठी आलेल्या माणसांनी गाव वाढत गेलं. तीस हजारांच्या वर लोकवस्ती झाली. जनगणनेवाले अशा गावाला सरळ शहर म्हणतात. त्यांचे निकष सोपे आहेत: किमान ५ हजार वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. पण राज्य सरकारच्या दप्तरी घुग्घुस खेडंच राहिलं. लोक वर्षानुवर्षं नगर परिषद मागत होते, ती मिळाली २०२० संपता संपता.

आता गंमत बघा. गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड २०१५ मध्येच नगर पंचायत झालं. वस्ती दहा हजारांच्याही आत, चहूकडे जंगल, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जगाशी संपर्क तुटणार. पण ते तालुक्याचं ठिकाण, आणि सरकारने तालुक्याच्या ठिकाणांना सरसकट नगर पंचायती द्यायचं ठरवलं होतं. बरं, भामरागड, एटापल्ली हा पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग. पेसा कायद्याने ग्रामसभेला जे अधिकार दिलेत ते पंचायतींपुरते. पंचायत गेली की तेही गेले. म्हणजे ज्यांना शहर व्हायची गरज नव्हती ते झाले, आणि जे होऊन बसले होते ते थांबून राहिले.

आमच्या धंद्यात नवीन पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं, की फाईलचं एक्स्टेन्शन बदललं म्हणून आतला मजकूर बदलत नाही. सरकारला हे कोण सांगणार? :-)

कारण घुग्घुसला पाटी बदलली, पण निवडणूक झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि राज्यभरातल्या निवडणुका लटकल्या. घुग्घुसची पहिली निवडणूक झाली २०२५ च्या डिसेंबरमध्ये. मधली जवळपास पाच वर्षं प्रशासक. ग्रामपंचायत गेलेली, नगरसेवक आलेले नाहीत.

आणि नेमक्या याच काळात ते घडलं. २६ ऑगस्ट २०२२. अमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं. साठ-सत्तर फुटांचा खड्डा! घरातली माणसं वेळेवर बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. आजूबाजूच्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली.

आता मला सांगा, दोष कुणाचा? खाण कोळसा कंपनीची, म्हणजे केंद्राची. खाणींची सुरक्षितता बघणारं महासंचालनालय तिकडे धनबादला. पुनर्वसन जिल्हाधिकाऱ्यांकडे. नगर परिषदेत प्रशासक. सगळे जण आपापल्या जागी बरोबर, आणि घर मात्र खड्ड्यात. ज्याच्या दारात जाऊन "भाऊ, आता माझं काय?" असं विचारावं, असा वॉर्डातून निवडून आलेला एकही माणूस नगर परिषदेत नव्हता.

यावर काही जण म्हणतील, नगरसेवक असते तरी काय मोठे दिवे लावणार होते? प्रशासकच बरा, निदान कागद तरी हलतात. मुद्दा अगदीच खोटा नाही. टक्केवारी आणि टेंडर यापलीकडे न बघणारे नगरसेवक सगळ्यांनीच पाहिलेत. पण प्रशासकाची बदली होते हो. तीन वर्षांनी तो दुसऱ्या जिल्ह्यात. ज्याला त्याच गल्लीत राहायचंय, पुन्हा मतं मागायचीयत, त्याला विसरून चालत नाही. हा फरक छोटा नाही.

दुसरं म्हणजे, नगर परिषद झाल्याने एक गोष्ट खरोखर बदलते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार नगर परिषद ही नियोजन प्राधिकरण असते. गावाचा विकास आराखडा तिने करायचा, बांधकाम परवानगी तिने द्यायची. ग्रामपंचायतीला हा दर्जा नसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. घुग्घुसच्या नव्या सभागृहाने प्रवेशद्वार, सुशोभीकरण, सेल्फी पॉइंट वगैरे नंतर करावं. आधी जमिनीखालचा नकाशा मागावा. खाण बंद करताना तिचा नकाशा सरकारकडे जमा करावा लागतो, असा कायदा आहे. खूप जुन्या खाणींचे नकाशे अचूक नसतील, तर वेकोलिकडून नव्याने तपासणी करून घ्यावी. तो नकाशा विकास आराखड्यात घालावा, आणि मराठी, हिंदी, तेलुगूत छापून प्रत्येक वॉर्डात लावावा. जिथे खाली पोकळी आहे तिथे नवी परवानगी नाही, आणि जे आधीच राहतायत त्यांना घर पडायच्या आधी पर्यायी जागा. झरिया-राणीगंजच्या कोळसा पट्ट्यासाठी केंद्राने २००९ मध्ये असा पुनर्वसन आराखडा मंजूर केला होता, म्हणजे मागणी काही जगावेगळी नाही.

रस्ते, नळ, दिवे तर हवेतच. पण पायाखालची जमीन शाबूत आहे की नाही हे नागरिकाला माहीत असणं ही त्याआधीची गोष्ट. तेवढं जमलं तर घुग्घुस शहर झालं असं म्हणू. नाहीतर नगर परिषदेची इमारत तरी कुठे बांधताय, ते एकदा तपासून घ्या म्हणजे झालं.