घर भाड्याने देताना पारख कशाची करावी?

कसारा हे मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे अखेरचे स्थानक. थळ घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाला बाहेरगावच्या माणसाची ये-जा नवीन नाही. मुंबई-ठाण्यातील घरे आवाक्याबाहेर गेल्याने वासिंद, आसनगाव, खर्डी अशा स्थानकांच्या आधाराने राहणारी कुटुंबेही शहापूर तालुक्यात आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा याच तालुक्यातून खुला झाला. अशा भागात निवृत्तीची पुंजी घालून घराशेजारी एक-दोन खोल्या बांधणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : अनोळखी माणसाच्या हाती किल्ली कोणत्या भरवशावर द्यावी?

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. दिलेली खोली परत मिळेल ना, ही घरमालकाची चिंता. आडनाव, भाषा किंवा धर्म कळताच दार बंद होईल, ही भाडेकरूची धास्ती. दोघांनाही दिलासा देऊ शकेल अशी गोष्ट म्हणजे नीट केलेली चौकशी आणि नोंदवलेला करार.

‘अकरा महिन्यांचा कागद केला की नोंदणी लागत नाही,’ असा समज सर्वत्र आढळतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यातील एका वर्षाच्या मर्यादेवरून तो रूढ झाला. परंतु ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. हा कायदा सर्वच गावांना सरसकट लागू नाही; म्हणून शहापूर वा मुरबाडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात खात्री करावी. कायदा लागू नसला तरी नोंदणी हिताचीच. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या अवघे ०.२५ टक्के आहे. म्हणजे दरमहा ४,००० रुपये भाड्याच्या अकरा महिन्यांवर सुमारे ११० रुपये. अनामत रक्कम व नोंदणी फी यांचा खर्च वेगळा.

करारापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. मूळ ओळखपत्र, नोकरीचे ठिकाण आणि नियमित उत्पन्न यांची खातरजमा करावी. आधीच्या घरमालकाशी स्वतः बोलावे : भाडे वेळेवर मिळत होते का, खोली कशा स्थितीत सोडली? किती माणसे राहणार, हे आधीच ठरवून करारात लिहावे. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर नोंदवावी. दलालाच्या शब्दावर यातील काहीही सोडू नये. किल्ली देण्याच्या दिवशी वीज मीटरचा आकडा आणि खोलीतील वस्तूंची यादी दोघांच्या सह्यांनी करावी.

या यादीत जात, धर्म, प्रांत यांना जागा नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व समाजापुरते ठेवण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे प्रत्येक बंद दार कायदा उघडेलच, असे नाही. तेथे आपल्या विवेकालाच काम करावे लागते. शिवाय आडनावावरून भाडे वेळेवर मिळेल की नाही, हे कधीच कळत नाही. शहरात ख्रिस्ती नाव ऐकून घर नाकारले गेले तर आपण दुखावतो; मग बिहारच्या मजुराला किंवा मुसलमान शिक्षकाला आपण कोणते उत्तर देतो, हेही तपासले पाहिजे.

भाडेकरूची पारख करणाऱ्या घरमालकाचीही पारख होत असते. भाड्याची पावती देणे कलम २६ नुसार त्याचे कर्तव्य आहे. वाद झाला म्हणून पाणी वा वीज तोडणे कलम २९ ला मान्य नाही. आपली खोली सुरक्षित राहावी असे वाटणाऱ्याने कागद चोख ठेवावेत आणि आलेल्या माणसाला त्याच्या वागणुकीवरून ओळखावे.