मॉडेल ९९ टक्के अचूक, पण माळीण ओळखेल का?

३० जुलै २०१४ च्या सकाळी डिंभे धरणाच्या परिसरातील माळीण दरडीखाली गेले. १५१ जणांचा जीव गेला. गाव जागेवर नाही, हे बाहेर कळवले ते एसटीच्या चालकाने. स्पेशिअल एआय, म्हणजे नकाशे आणि उपग्रहचित्रांवर चालणारी एआय, शिकणाऱ्यांसाठी हाच भाग खरी परीक्षा ठरावा.

समर स्कूलमध्ये नवख्या संशोधकांच्या टीमला जेमतेम आठवडा-दोन आठवडे मिळतात. टीम लीडरने कोडिंग शिकवण्यापेक्षा प्रश्न नीट बांधून द्यायला हवा. शंभरातल्या एकाच उतारावर दरड कोसळली असेल, तर 'कुठेच धोका नाही' म्हणणारे मॉडेलही ९९ टक्के अचूक ठरते! दुसरी गफलत म्हणजे शेजारशेजारचे पिक्सेल ट्रेनिंग आणि टेस्टिंगमध्ये वाटणे. मग मॉडेल पाठांतरावर पास होते. आंबेगाववर शिकवलेले मॉडेल रायगडच्या इर्शाळवाडीवर (जुलै २०२३) तपासा, मग बोला.

पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग असतात, साध्या उपग्रहचित्रात नुसता पांढरा पडदा दिसतो. ढगांआडून पाहणाऱ्या सेंटिनेल-१ चा रडार डेटा मोफत आहे. पण उतारावरची पडकई हाताने बांधली की यंत्राने, हे रडारलाही कळत नाही. माळीणनंतर वाद झाला तो यंत्राने केलेल्या सपाटीकरणावरही. ते विचारायला टीमने एक दिवस गावात घालवलाच पाहिजे. प्रेझेंटेशनच्या चार स्लाइड कमी झाल्या तरी चालतील.