समजून घ्या : ड्रिप कॉफी मेकर घेताय? ब्रँडच्या आधी घरातले पाणी आणि व्होल्टेज तपासा

गेल्या काही वर्षांत नांदेड, लातूरमधल्या अनेक घरांत कॉफीची चव बदलली आहे. पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणारी मुले सुट्टीला येताना कॉफीची पूड घेऊन येतात. नांदेडहून बेंगळुरूला थेट रेल्वे आहे आणि हैदराबादला जाणे-येणे तर रोजचेच. लातूरमध्ये नीट-जेईईच्या तयारीसाठी राहणाऱ्या मुलांच्या खोल्यांत रात्री अकरानंतर चहापेक्षा कॉफीचा वास जास्त येतो. मग कधी तरी मोबाइलवर ड्रिप कॉफी मेकरची जाहिरात दिसते आणि प्रश्न पडतो, घ्यावे का? घेतले तर कोणते?

इंटरनेटवरची बहुतेक उत्तरे अमेरिका-युरोपातल्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेली असतात. तिथे बहुतेक घरांत नळाला थेट बोअरचे पाणी येत नाही आणि संध्याकाळी सात वाजता व्होल्टेज डाऊन होत नाही. म्हणून हा हिशेब आपल्या घरापासून मांडू.

हा विषय आत्ताच का?

दोन कारणे आहेत. पहिले, कॉफीचा भाव. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफी पहिल्यांदाच पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. ब्राझीलमधला दुष्काळ हे त्यामागचे मोठे कारण. देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. पण आपली बरीचशी कॉफी निर्यात होते, त्यामुळे जागतिक भाव चढला की घरच्या पुडीचाही चढतो. महाग पूड वाया घालवणारे यंत्र आता परवडणारे नाही.

दुसरे, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून इन्स्टंट कॉफीवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. भाजलेल्या कॉफीवर तो आधीपासून ५ टक्केच होता. यंत्रावर मात्र १८ टक्के कर कायम आहे. म्हणजे चमचाभर इन्स्टंट कॉफी ढवळून पिणे करापुरते तरी स्वस्त झाले आणि यंत्राला आपली किंमत चवीने वसूल करून द्यावी लागणार.

ड्रिप मेकर नेमके करतो काय?

कल्पना जुनी आहे. १९०८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने कागदी फिल्टरचे पेटंट घेतले. १९५४ मध्ये जर्मनीतच 'विगोमाट' हे विजेवर चालणारे ड्रिप यंत्र आले. अमेरिकेत १९७२ मध्ये 'मिस्टर कॉफी' बाजारात आले आणि हे यंत्र घराघरांत पोहोचले.

आतली रचना सोपी आहे. टाकीतले पाणी एका बारीक नळीत उतरते. नळीला चिकटून हीटिंग कॉइल असते. पाणी उकळायला लागले की वाफेचे बुडबुडे गरम पाण्याला वर ढकलतात. ते परत टाकीत जाऊ नये म्हणून एक छोटी झडप असते. वर चढलेले पाणी कॉफीच्या पुडीवर पडते आणि फिल्टरमधून गाळून खालच्या भांड्यात येते. साध्या यंत्रात पंप नसतोच. वाफ हाच पंप.

चांगली कॉफी म्हणजे काय, याचेही मोजमाप आहे. स्पेशॅलिटी कॉफी असोसिएशन या जागतिक संस्थेच्या निकषांनुसार पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस हवे, ते पुडीतून ४ ते ८ मिनिटांत उतरायला हवे आणि लिटरमागे साधारण ५५ ग्रॅम पूड हवी. पाणी कोमट असेल तर कॉफी आंबट-पातळ लागते. वेळ लांबला तर कडवट होते. यंत्र निवडायचे म्हणजे हे तापमान आणि ही वेळ आपल्या घरात कोणते यंत्र सांभाळेल, हे पाहायचे.

वॅट किती हवेत?

इथे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित कामाला येते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल ऊर्जा लागते. दहा कपांचे यंत्र म्हणजे साधारण सव्वा लिटर पाणी. (यंत्रावरचा 'कप' १२५ मिलीचा असतो, आपला मग नव्हे. 'दहा कप' म्हणजे चार-पाच मग.) १,००० वॅटच्या यंत्राला हे पाणी तापवायला ६ मिनिटे लागतात. तेच ६०० वॅटच्या यंत्राला १० मिनिटे. म्हणजे चव बिघडलीच.

आता व्होल्टेजकडे या. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि नियमाने त्यात ६ टक्क्यांपर्यंत चढ-उतार चालतो, म्हणजे २१६ व्होल्टपर्यंत. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या संध्याकाळी, सगळे कूलर आणि एसी सुरू असताना, वाढीव वस्तीत किंवा डीपीपासून लांबच्या घरात ते त्याहून खाली जाते, हे मिक्सरच्या आवाजावरूनच कळते. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १९० व्होल्टला १,००० वॅटचे यंत्र जेमतेम ६८० वॅटचे काम करते. सहा मिनिटांची कॉफी नऊ मिनिटांवर जाते आणि थेंब-थेंब पडणारे पाणी वाटेत थोडे निवतेही.

यावरून एक सोपा नियम निघतो. यंत्रावरचे वॅट भागिले टाकीचे लिटर. उत्तर ८०० च्या पुढे असेल तर घ्या. तुमच्याकडे व्होल्टेज वारंवार २०० च्या खाली जात असेल, तर १,००० च्या पुढचे पाहा. बाजारातल्या ६०० वॅटच्या छोट्या यंत्रात ६०० मिलीच पाणी मावत असेल तर ते या नियमात बसते. त्यामुळे कमी वॅट म्हणजे वाईट यंत्र, असे सरसकट म्हणता येत नाही.

वीजबिलाची काळजी करू नका. १,००० वॅटचे यंत्र सहा मिनिटे चालले तर एक दशांश युनिट लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी खर्च एक रुपया. मात्र घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हे यंत्र लावू नका. ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला १,००० वॅट झेपत नाहीत. सॉकेट तीन पिनचे आणि अर्थिंग असलेलेच हवे. १,४०० वॅटच्या आसपास किंवा वरचे यंत्र असेल तर गीझरसारखा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागेल.

खरा शत्रू : पाणी

मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की एप्रिल २०१६ आठवतो. मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पहिल्या खेपेला ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली होती. मांजरा धरण कोरडे पडले की लातूर टँकर आणि बोअरवर येते. नांदेडला गोदावरीवरच्या विष्णुपुरीचा आधार आहे; तरी नव्या वसाहतींत बोअर आहेच. आपल्या काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी जड असते. गीझरच्या कॉइलवरचा, बादलीच्या कडेचा पांढरा थर त्याचीच खूण.

कॉफी मेकरमध्ये तोच थर बोटाएवढ्या नळीत आणि इवल्याशा झडपेत बसतो. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. घरी बोअरचे पाणी थेट टाकीत ओतायचो. आठ महिन्यांत यंत्र गुरगुरायला लागले, वाफ जास्त आणि कॉफी कमी. दुरुस्तीवाल्याने नळी कापून दाखवली. आतून खडूसारखी पांढरी. 'कॉइल गेली, नवीनच घ्या,' म्हणाला. इंजिनीअर असून हे आधी सुचले नाही, हे घरात अजून ऐकवले जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'आमचे पाणी पिण्यालायक आहे' म्हणजे ते यंत्रालायक आहे, असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. माणसाला चालणारे हे पाणी नळीचा मात्र बळी घेते. कॉफीसाठी एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, १५० च्या आसपास चांगला. ७५ ते २५० चालतो.

घरात आरओ असेल तर तेच पाणी वापरा. पण टीडीएस अगदी २०-३० वर आणून ठेवला असेल तर कॉफी सपक लागेल. मेकॅनिककडून तो थोडा वाढवून घ्या. आरओ नसेल तर जारचे पाणी घ्या, पण एकदा टीडीएस मीटरने तपासा. पाणी उकळून गाळले तरी जडपणा काही प्रमाणात कमी होतो.

आणि महिन्यातून एकदा सफाई. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर पाण्यात २० ग्रॅम विरघळवा. अर्धे पाणी उतरले की यंत्र बंद करून वीस मिनिटे थांबा, मग उरलेले उतरवा. नंतर साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या.

अमेरिकेतून आणलेले यंत्र चालेल?

हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येतो. मुलगी-जावई अमेरिकेहून येताना यंत्र आणायचे म्हणतात. नाही म्हणा. तिथला पुरवठा १२० व्होल्टचा आहे. तिथले ९०० वॅटचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावले तर ते ३,३०० वॅट ओढू पाहते आणि काही क्षणांत जळते. मोबाइल चार्जरला चालते म्हणून कॉफी मेकरला चालेल, असे समजू नका. व्होल्टेज उतरवणारा दीड हजार व्हीएचा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो. शिवाय वॉरंटी इथे लागू होईलच असे नाही. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये मुले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे २३० व्होल्टच असतात. फक्त अर्थिंग जोडणारा प्लग अडॅप्टर लागतो.

आणखी काय पाहायचे?

भांडे : काचेच्या भांड्याखाली हॉट प्लेट असते. तिच्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवलेली कॉफी जळकट लागते. घरात कोणी सहाला उठते, कोणी आठला, असे असेल तर थर्मासच्या भांड्याचे यंत्र घ्या.

फिल्टर : कायमची जाळी सोयीची, पण तिच्यातून कॉफीचे तेलकट अंश कपात उतरतात. त्यातले कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवते; कागद ते अडवतो. घरात कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू असतील तर कागदी फिल्टरच घ्या. त्या आकाराचे फिल्टर सहज मिळतात का, हेही आधी पाहा.

पाणी पडण्याची जागा : एकाच भोकातून धार पडत असेल तर मधली पूड भिजते, कडेची कोरडी राहते. झारीसारखी अनेक भोके असलेले यंत्र चांगले.

पूड : साउथ इंडियन फिल्टरसाठीच्या पुडीत बहुधा चिकोरी असते. नियमाने ती ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते आणि पाकिटावर प्रमाण छापावे लागते. अशी बारीक पूड कागदी फिल्टरमध्ये तुंबते आणि पाणी वरून वाहते. ड्रिपसाठी शंभर टक्के कॉफी, जाडसर रव्याएवढी दळलेली मागा.

सुरक्षा आणि सेवा : आयएसआय चिन्ह पाहा, घरगुती विद्युत उपकरणांसाठी आयएस ३०२ हे मानक आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर नांदेड-लातूरला आहे की थेट संभाजीनगर, हैदराबादला, ते तपासा. फुटलेले काचेचे भांडे सुटे मिळते का, हेही विचारा. ऑनलाइन घेतलेले यंत्र खराब निघाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते.

मुळात तुम्हाला हे यंत्र हवे आहे का?

हा प्रश्न शेवटी ठेवला, पण पैसे वाचवणारा हाच आहे. ड्रिप कॉफी ही बिनदुधाची, मोठ्या मगातून सावकाश प्यायची कॉफी. आपल्याकडे बहुतेक घरांत कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर फेस. ड्रिपच्या पातळ कॉफीत अर्धा कप दूध घातले की पाणीदार दूध उरते. (टाकीत दूध तर कधीच ओतू नका, नळीत ते जळून बसते.) तुमच्या घरात सगळेच दुधाची कॉफी पीत असतील तर काही शे रुपयांचा स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर घ्या. त्याला वीज लागत नाही, नळी तुंबत नाही आणि घट्ट काढा दुधात उठून दिसतो.

घरात दोन-तीन जण रोज काळी कॉफी पिणारे असतील, तरच ड्रिप मेकर सार्थकी लागतो. साधी यंत्रे दोन-अडीच हजारांपासून मिळतात. नामांकित युरोपीय यंत्रांची किंमत तीस हजारांच्या पुढे जाते. पण जड पाणी दोघांनाही सारखेच मारते.

थोडक्यात, खरेदीपूर्वी पाच गोष्टी

१. घरच्या पाण्याचा टीडीएस मोजा.
२. संध्याकाळी सात ते नऊदरम्यान व्होल्टेज पाहा. स्टॅबिलायझरवर आकडा दिसतो. नाही तर वायरमनकडून मोजून घ्या.
३. वॅट भागिले लिटर : ८०० च्या पुढे, व्होल्टेज कमी असेल तर १,००० च्या पुढे.
४. पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर तपासा.
५. आठवडाभर घरात कोण किती बिनदुधाची कॉफी पिते, ते मोजा. आकडा रोज दोन मगांच्या खाली असेल तर थांबा.