दोर धरणारे हात

सिल्वासातील आमच्या मराठी घरांमधली पाचसहा तरुण मंडळी परवाच्या रविवारी मुंबईस जाऊन भिंत चढून आली. भिंत छपराखालची, रंगीत खुंट्यांनी मढवलेली. तानाजीच्या घोरपडीची कथा ऐकत वाढलेल्या आम्हांस हा प्रथम पोरखेळच वाटला. परंतु २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकात या खेळास प्रवेश मिळाला आहे, तेव्हा जीभ आवरलेली बरी.

खरी गंमत दोरात आहे. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर माथ्यावरून फिरून खालच्या सोबत्याच्या कमरपट्ट्याशी येतो. तो ढिला पडू न देणे आणि वरच्याचा हात सुटताच जखडणे, हे खालच्याचे काम. सोबती वजनाने हलका असला तर झटक्यासरशी स्वतःच उचलला जातो. शेजारच्या वहिनींचे चिरंजीव घसरले, तेव्हा दोर धरणारी मुलगी अशीच हातभर वर गेली. पण तिने दोर सोडला नाही. त्यानंतर दिवसभर चिरंजीवांना तो दुसऱ्या कोणाच्या हाती देववेना!

मुलगी गुजराती. "नातवंडे मराठी बोलतील ना हो?" वहिनींनी आम्हांस विचारले. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. परमुलखात तो प्रत्येक घरी असतो. मुलगी सिल्वासातच वाढलेली, मराठी तिला समजते. तूर्त तिला जेवावयास बोलवा, एवढेच आम्ही सुचविले.