उंदीर, बांबू आणि बंदूक

सुट्टीवर घरी गेलो की दहशतवादावर दोन ठरलेली मतं ऐकायला मिळतात. पहिलं, 'गरिबी आहे म्हणून पोरं बंदूक उचलतात.' दुसरं, 'हे सगळं सीमेपलीकडून होतं, चार ठोकले की संपेल.' मिझोराम पाहिल्यापासून मला ही दोन्ही मतं अर्धवट वाटतात.

२००७ साली मी तरुण कॅप्टन होतो. वैरेंगटेच्या काउंटर इन्सर्जन्सी अँड जंगल वॉरफेअर स्कूलमध्ये कोर्सला गेलो होतो. 'गनिमाशी गनिमासारखं लढा' हे तिथलं ब्रीद. तेव्हा डोंगरांवर बांबूला फुलोरा आला होता. हा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदा फुलतो. त्याची फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतातल्या भातावर तुटून पडतात. मिझो लोक याला 'मौताम' म्हणतात.

त्याआधीचा मौताम १९५९ चा. तो येणार हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. मिझो जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच आसाम सरकारकडे १५ लाख रुपये मागितले होते. बांबू फुलला की दुष्काळ पडतो, ही अंधश्रद्धा समजून मागणी फेटाळली गेली. दुष्काळ पडलाच. लोकांना धान्य पोहोचवायला 'मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट' पुढे आली. तिचा नेता लालडेंगा हा आपल्याच फौजेतला माजी हवालदार. १९६१ साली नावातला 'फॅमिन' शब्द गळाला आणि २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री सशस्त्र उठाव झाला.

म्हणजे भुकेनेच बंदूक दिली का? नाही. उपाशी माणूस आधी अन्न शोधतो. मधल्या काळात संघटना बांधली गेली, वेगळ्या राष्ट्राची कल्पना घरोघर पोहोचली आणि पूर्व पाकिस्तानातून शस्त्रं आली. दुष्काळामुळे लोक ऐकायला तयार झाले, एवढंच.

मग बळाचा वापर झाला. ५ मार्च १९६६ ला ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाने मारा केला. पुढच्या वर्षापासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेला वसवली गेली. ही इंग्रजांची मलायातली पद्धत. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातला आसराही गेला. तरी १९७५ च्या जानेवारीत बंडखोरांनी ऐझॉलमध्ये पोलीस महानिरीक्षकांसह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांच्या कार्यालयात घुसून मारलं.

मी स्वतः जवान गमावले आहेत. अशी हत्या करणाऱ्याला 'बिचारा' म्हणणं मला जमणार नाही. पण फौजेचं काम कुठे संपतं, हेही मला दिसतं. बंदुकीने जिंकता येणार नाही, एवढं आम्ही समोरच्याला पटवू शकतो. त्यानंतर त्याने परत कुठे यायचं, ती जागा राजकारणाने ठेवावी लागते. ३० जून १९८६ ला करार झाला, तेव्हा ती जागा अक्षरशः ठेवली गेली: मुख्यमंत्री लाल थनहॉला यांनी खुर्ची लालडेंगांसाठी सोडली. त्यानंतर मिझोरामची शांतता टिकली आहे.

मी तिथे होतो तेव्हा एका गावात एक म्हातारबुवा भेटले. तरुणपणी जंगलात लढलेले. दुभाष्यामार्फत मी विचारलं, "पु, या वेळी मौतामची भीती वाटते का?" ते हसून म्हणाले, "या वेळी सरकारला आमच्याआधी माहीत होतं." खरंच, बांबू फुलायच्या आधीच योजना आखली होती. उंदराची शेपटी आणून दाखवली की पैसे मिळत होते. दुष्काळाची झळ बसली, पण कुणी जंगलात गेलं नाही.

कोर्समध्ये आम्ही घात लावायला शिकलो, माग काढायला शिकलो. ते लागतंच. पण माझ्या हातात असतं तर पहिल्या दिवशीचा धडा १९५८ च्या त्या १५ लाखांच्या मागणीवर ठेवला असता. ती फेटाळणाऱ्याला पुढच्या वीस वर्षांचा हिशोब कुणी विचारला नाही. तो आमच्यासारख्यांनी आणि तिथल्या गावकऱ्यांनी चुकवला.