निर्व्यसनी माणसाचे यकृत

यकृताचा विकार म्हटला की मद्य, आणि मद्य म्हटले की 'एकच प्याला'मधील सुधाकर, अशी एक जुनी सांगड मराठी मनात बसून गेली आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी आयुष्यात कधी सुपारीचे खांडही तोंडात टाकलेले नाही. सोनोग्राफीत त्यांच्या यकृतात मेद आढळला, तेव्हा लोकापवादाच्या धास्तीने त्यांनी तो अहवाल महिनाभर घरच्यांपासून दडवून ठेवला. हा गैरसमज घरोघरी असावा, म्हणून यावेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

यकृतातील शेकडा ५ हून अधिक पेशींत मेदाचे थेंब साठले, की त्यास मेदयुक्त यकृत म्हणतात. हा मेद येतो कोठून? ताटातल्या तुपातून, असेच कोणीही म्हणेल. परंतु अमेरिकेत या विकाराच्या रुग्णांवर झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निराळेच चित्र दिसले. यकृतातील मेदापैकी सुमारे ५९ टक्के भाग शरीरात आधीच साठलेल्या चरबीतून सुटून रक्तावाटे आलेल्या मेदाम्लांचा होता. २६ टक्के यकृताने स्वतःच, मुख्यतः साखर-पिष्टापासून, घडविला होता. अन्नातील मेदाचा वाटा अवघा १५ टक्के होता. तेव्हा आमच्या इंदुरात सकाळच्या पोह्यांसोबत येणारी जिलेबी यकृताला जड जाते ती केवळ तळलेली म्हणून नव्हे, पाकात मुरलेली म्हणूनही.

मेदाम्लेही सारखी नसतात. शेंगदाण्याच्या तेलात विपुल असणारे ओलिक आम्ल पेशी थेंबाच्या रूपाने बऱ्याच अंशी निमूटपणे साठवून ठेवते. पामतेलात भरपूर असणारे, आणि जादा साखरेपासून यकृत जे प्रामुख्याने बनवते, ते पामिटिक आम्ल मात्र पेशीला इजा करते. इजा झालेली पेशी आपल्याच आवरणाच्या सूक्ष्म पुटिका बाहेर सोडू लागते. त्यांतील लहान पुटिका ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! एके काळी शास्त्रज्ञ त्यांना पेशीने टाकलेला केरकचरा समजत. आता कळले आहे, की त्यांत प्रथिने, मेद आणि आर.एन.ए.चे तुकडे भरलेले असतात. त्या जणू शेजारच्या पेशींना धाडलेल्या चिठ्ठ्याच होत. प्रयोगशाळेतील पेशींवर व उंदरांवर झालेल्या संशोधनात असे दिसले, की काही चिठ्ठ्या दाह करणाऱ्या पेशींना जागे करतात, तर काही यकृतातील तारकाकृती पेशींना व्रणाचे तंतू विणावयास लावतात. मेद, मग दाह, मग तंतू आणि काहींच्या बाबतीत अखेर सिरोसिस, अशी ही उतरण आहे. यकृतात एवढा पत्रव्यवहार चाललेला असताना धन्याला मात्र बहुधा काहीच दुखत नाही.

सडपातळ वाचकांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपलेच छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय देह बारीक दिसूनही आत चरबी बाळगून असू शकतो, हा त्यातील बोध.

२०२१ साली केंद्र शासनाने हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी त्याच्या इंग्रजी नावातून मद्याचा उल्लेखच काढून टाकला आणि चयापचयातील बिघाडाला नावात स्थान दिले. मद्य यकृताला घातक आहेच. पण या रुग्णाकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही.

समाधानाची गोष्ट ही, की ही वाट आरंभी मागे फिरता येते. स्थूल व्यक्तीने वजन शेकडा ७ ते १० ने उतरविले, तर मेद आणि दाह दोन्ही बहुधा ओसरतात. मधुमेह असलेल्यांनी व पोट सुटलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याने तपासणी करून घ्यावी, रोज झपझप चालावे, साखर आवरावी. आणि एक विनंती गृहिणींना व यजमानांना: पाहुण्याने नको म्हटल्यावर दुसरी जिलेबी आग्रहाने वाढण्याची माळव्यातील आपली रीत आता सोडून द्यावी. स्नेह दाखवावयास गप्पा पुरेशा आहेत.